ॲप डाउनलोड होत नाही? आधी अडले कुठे ते पाहा

खरिपाची पीक पाहणी नोंदवण्याची मुदत संपत आली की आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या गावात संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर फोन हातात घेऊन बसलेली माणसे दिसू लागतात. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइल ॲपवरून करणे, राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि ज्यांनी तोवर स्वतःहून एकही ॲप उतरवले नव्हते, अशा शेतकऱ्यांनाही प्ले स्टोअर उघडणे भाग पडले. "काय व्हयनं?" (काय झाले?) असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते : ॲप उतरत नाही. या एका उत्तराच्या पोटात निदान सात-आठ निरनिराळ्या अडचणी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. असे बरेच फोन हाताळल्यावर जो क्रम मला उपयोगी पडला, तो नव्याने स्मार्टफोन घेतलेल्यांसाठी येथे देत आहे. बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन असल्यामुळे मुख्य विवेचन त्याचेच आहे. आयफोनविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

प्रथम एक गोष्ट करू नये, ती सांगतो. कोणीतरी जाणकार समजला जाणारा नातलग "फोन रिसेट मार, सगळे ठीक होईल" असा सल्ला देतो. ॲप उतरत नाही एवढ्या कारणासाठी फोन रिसेट करण्याची, म्हणजे त्यातले सगळे पुसून तो नव्यासारखा करण्याची, वेळ सहसा येत नाही. उलट त्यातून फोनच कायमचा अडकण्याची भीती असते. ती कशी, हे गूगल खात्याविषयी लिहिताना सांगेन.

डाउनलोड कोणत्या टप्प्यावर थांबते

प्ले स्टोअरमधून ॲप फोनमध्ये येण्याचे ठरलेले टप्पे आहेत. आधी ते शोधल्यावर सापडावे लागते व त्यासमोर 'इंस्टॉल' हे बटण दिसावे लागते. बटण दाबल्यावर फोन रांगेत नंबर लावतो आणि 'पेंडिंग' किंवा 'प्रलंबित' असा शब्द दिसतो. मग फाइल प्रत्यक्ष उतरू लागते व टक्केवारी वाढते. फाइल पूर्ण उतरली की फोन ती उलगडून आपल्या साठवणीत बसवतो, आणि अखेरीस 'उघडा' असे बटण येते. बटणच दिसत नसेल तर अडचण फोनच्या जुनेपणाची किंवा गूगल खात्याची असते. पेंडिंगवर थांबले असेल तर रांगेची किंवा वाय-फायच्या अटीची. टक्केवारी मध्येच थबकली असेल तर इंटरनेटची. आणि शंभर टक्के होऊनही ॲप बसत नसेल तर बहुधा जागेची. म्हणून काहीही दाबण्यापूर्वी पडद्यावर नेमके कोणते शब्द आले आहेत ते नीट वाचावे, जमल्यास त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. दुसऱ्याला फोनवरून विचारायचे असेल तेव्हा हा स्क्रीनशॉट दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

यापुढचे उपाय एका वेळी एकच करावेत आणि प्रत्येक उपायानंतर ॲप पुन्हा उतरवून पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने काम झाले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

इंटरनेट खरोखर चालू आहे का

फोनच्या वरच्या कडेला नेटवर्कच्या काड्या दिसत आहेत, म्हणजे इंटरनेट चालू आहे, असे समजू नये. काड्या टॉवरची पोहोच दाखवतात. डेटा मिळतो आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. व्हॉट्सॲप उघडून पाहणे हीदेखील खरी चाचणी नव्हे, कारण जुने निरोप आणि आधी उतरलेली चित्रे इंटरनेटशिवायही दिसतात. ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरची पाने दाखवणारे क्रोमसारखे ॲप, उघडून आजवर कधी न शोधलेला एखादा शब्द शोधावा. पान लगेच उघडले, तर इंटरनेट आहे.

पान फार सावकाश उघडत असेल, तर सर्वांत आधी दिवसाचा डेटा संपला आहे का ते पाहावे. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये रोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो आणि तो संपल्यावर इंटरनेट बंद न होता त्याचा वेग सामान्यतः ६४ केबीपीएसवर येतो. माणसाला वाटते की नेट चालू आहे, कारण साधा निरोप जातो-येतो; परंतु त्या वेगाने ५० एमबीचे ॲप उतरायला सुमारे पावणेदोन तास लागतात, आणि तेही मध्ये एकदाही खंड पडला नाही तर. घरातल्या मुलांनी दुपारभर व्हिडिओ पाहिलेले असतात आणि संध्याकाळी वडील प्ले स्टोअरला दोष देत बसतात, हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता माझा पहिला प्रश्न तोच असतो. उपाय सरळ आहे : मध्यरात्रीनंतर नवा डेटा सुरू होतो, तेव्हा सकाळी लवकर उठून आधी ॲप उतरवावे, घाई असेल तर छोटे डेटा-व्हाउचर घ्यावे किंवा घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट वापरावा.

डेटा शिल्लक असूनही पान उघडत नसेल, तर विमान मोड चालू करून अर्धा मिनिट थांबावे व बंद करावा, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. तेवढ्याने भागले नाही तर फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. दोन सिमकार्डे असतील, तर डेटा ज्या सिमवर शिल्लक आहे तेच सिम मोबाइल डेटासाठी निवडलेले आहे का, हे सेटिंग्जमध्ये तपासावे. एका सिमचे रिचार्ज संपलेले आणि डेटा मात्र त्याच सिमवर लावलेला, ही चूक अगदी सर्रास होते.

सीमेवरच्या गावांना आणखी एक अडचण येते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे सर्वांना माहीत असते. पण मोबाइलचा टॉवरही सीमा पाळत नाही, हे फोन अडल्याशिवाय ध्यानात येत नाही. नवापूर, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, रावेर या तालुक्यांच्या कडेला फोन कधीकधी शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि 'डेटा रोमिंग' बंद असल्यास बोलणे होते, पण इंटरनेट चालत नाही. नेटवर्कच्या काड्यांजवळ रोमिंगची खूण दिसत असेल, तर सिमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा रोमिंग चालू करून पाहावे. धडगाव-तोरणमाळच्या डोंगरात जेथे नेटवर्कच तुटक आहे, तेथे मोठे ॲप उतरवण्याचा हट्ट धरू नये. बाजाराच्या दिवशी मोठ्या गावी जाणे होते, तेव्हा तेथेच ते काम उरकून यावे.

वाय-फायच्या बाबतीतही जोडणी आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुसावळ, जळगावसारख्या स्थानकांवरचे रेलवायरचे मोफत वाय-फाय जोडल्यानंतर ब्राउझरमध्ये एक पान उघडते. तेथे मोबाइल क्रमांक व आलेला ओटीपी टाकेपर्यंत इंटरनेट मिळत नाही. ते पान बंद करून लोक थेट प्ले स्टोअर उघडतात आणि मग काहीच हलत नाही. अशा सार्वजनिक वाय-फायवर ॲप उतरवण्यास हरकत नाही, पण बँकेचे व्यवहार तेथे करू नयेत.

फोनमध्ये एखादे मोफत व्हीपीएन ॲप (फोनचे इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारे) असेल, तर डाउनलोड होईपर्यंत ते बंद ठेवावे. 'डेटा सेव्हर' आणि 'बॅटरी सेव्हर' हेदेखील चालू असतील तर बंद करून पाहावेत, कारण पडद्यामागे चाललेली कामे रोखणे हाच या दोन्हींचा उद्देश असतो.

'पेंडिंग' किंवा 'प्रलंबित' असे दिसत राहिले तर

इंटरनेट नीट चालू आहे, तरीही 'पेंडिंग' हा शब्द हलत नाही, याची दोन मुख्य कारणे असतात. पहिले म्हणजे रांग. फोन वाय-फायला जोडला गेला की जुनी ॲप्स आपोआप अद्ययावत होऊ लागतात आणि नव्या ॲपला मागे थांबावे लागते. प्ले स्टोअर उघडून वर उजव्या कोपऱ्यातील आपल्या खात्याच्या वर्तुळावर बोट ठेवावे, 'ॲप्स आणि डिव्हाइस व्यवस्थापित करा' या ओळीत जावे आणि तेथे कोणकोणती अपडेट चालू आहेत ते पाहून ती रद्द करावीत. रद्द केल्याने ती ॲप्स बिघडत नाहीत. जुनीच आवृत्ती चालत राहते आणि अपडेट नंतर करता येते.

दुसरे कारण वाय-फायची अट. त्याच वर्तुळातून 'सेटिंग्ज', मग 'नेटवर्क प्राधान्ये', मग 'ॲप डाउनलोड प्राधान्य' असे गेल्यावर 'कोणत्याही नेटवर्कवर', 'फक्त वाय-फायवर' आणि 'प्रत्येक वेळी विचारा' असे पर्याय दिसतात. यांतला वाय-फायचा पर्याय निवडला गेला असेल, तर मोबाइल डेटावर ॲप कितीही वेळ थांबले तरी उतरणार नाही. 'प्रत्येक वेळी विचारा' हा पर्याय मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यात डेटाही वाचतो आणि कामही अडत नाही. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये आणि प्रत्येक आवृत्तीत शब्द थोडे बदलतात. ज्यांचा फोन इंग्रजीत आहे त्यांना हीच नावे इंग्रजीत दिसतील, मात्र त्यांची जागा तीच असते.

फोनमध्ये जागा नसेल तर

माझ्या अनुभवात इंटरनेटच्या खालोखाल सर्वाधिक फोन जागेपायी अडतात, म्हणून या विषयावर थोडे अधिक लिहितो. प्ले स्टोअरवर ॲपचा जो आकार लिहिलेला असतो तो उतरवण्याच्या फाइलचा असतो. ती फाइल उलगडल्यावर ॲप त्याहून अधिक जागा घेते आणि बसवण्याच्या काळात तात्पुरती आणखी जागा लागते. त्यामुळे ६० एमबीच्या ॲपसाठी फोनमध्ये ७० एमबी मोकळे आहेत, हा हिशेब चालत नाही. 'सेटिंग्ज'मधील 'स्टोरेज' उघडून निदान एक जीबी जागा मोकळी आहे का ते पाहावे. त्याहून कमी असल्यास आधी साफसफाई करावी. मेमरी कार्ड घातले की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. परंतु ॲप सर्वसाधारणपणे फोनच्या आतल्या साठवणीतच बसते. कार्डाचा उपयोग फोटो व व्हिडिओ तिकडे हलवून आतली जागा रिकामी करण्यासाठी होतो.

आपल्याकडच्या फोनमध्ये जागा कशाने भरते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. सकाळी उगवत्या सूर्याची आणि फुलांची शुभेच्छापत्रे, वरातीचे व्हिडिओ, कीर्तनाच्या ध्वनिफिती आणि गावातल्या पाच-सहा गटांवर फिरणारा एकच व्हिडिओ पाच-सहा वेळा, असा सारा ऐवज व्हॉट्सॲप आपोआप उतरवून साठवीत असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'स्टोरेज व्यवस्थापित करा' असे गेल्यावर ५ एमबीहून मोठ्या फाइली आणि अनेकदा पुढे पाठवलेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवल्या जातात. त्यांतून नको असलेल्या निवडून पुसाव्यात. मात्र घाईघाईने 'सर्व निवडा' करू नये. त्याच ढिगाऱ्यात सातबाऱ्याचा फोटो, खताची पावती किंवा नातवाचा पहिला फोटोही असू शकतो. त्याच ठिकाणी माध्यमे आपोआप उतरवण्याचा पर्याय बंद केला, की हा ढिगारा पुन्हा तितक्या वेगाने साचत नाही.

पुसल्यावरही जागा वाढली नाही, अशी तक्रार येते. पुसलेले फोटो लगेच नष्ट होत नाहीत, ते गॅलरीच्या कचरापेटीत पडून राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि बॅकअप नसलेला ३० दिवस. तेव्हा कचरापेटी स्वतंत्रपणे रिकामी करावी लागते, आणि ती रिकामी करण्याआधी एकदा शेवटची नजर टाकावी, कारण त्यानंतर फोटो परत मिळत नाही. याशिवाय महिनोन्महिने न उघडलेली ॲप्स काढून टाकावीत. जे ॲप काढवत नाही पण वापरातही नाही, त्यासाठी प्ले स्टोअरमध्ये ॲप संग्रहित करण्याची सोय आहे. त्यात ॲपचा बराचसा भाग निघून जातो, आपली माहिती राहते आणि चिन्हावर बोट ठेवले की ते पुन्हा उतरते.

तारीख आणि वेळ

बॅटरी पूर्ण उतरून फोन बरेच दिवस बंद राहिला, किंवा मुलांनी एखाद्या खेळासाठी तारीख पुढे ढकलली, की प्ले स्टोअर चालेनासे होते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना फोन समोरच्या प्रमाणपत्राची मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच चुकले असेल, तर तो जोडणी नाकारतो. सेटिंग्जमध्ये 'तारीख आणि वेळ' उघडून ती नेटवर्कवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू करावा. याला अर्धे मिनिट लागते.

प्ले स्टोअरची साफसफाई

इंटरनेट, रांग, जागा आणि घड्याळ ही चारही कारणे तपासून झाली आणि तरीही काम होत नसेल, किंवा 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश अथवा एखादा त्रुटी क्रमांक येत असेल, तर पुढील क्रमाने जावे. त्रुटींचे क्रमांक अनेक आहेत, पण त्या बहुतेकांवर घरी करण्याजोगा उपाय हाच असल्यामुळे प्रत्येकाचा अर्थ शोधत बसण्याची गरज नाही.

१. 'सेटिंग्ज' उघडून 'ॲप्स' या भागात जावे व यादीतून 'गूगल प्ले स्टोअर' निवडावे. वर लिहिलेले नाव मोठ्याने वाचून खात्री करावी.

२. 'स्टोरेज आणि कॅशे' या ओळीत जाऊन 'कॅशे साफ करा' दाबावे (कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती), फोन बंद करून सुरू करावा आणि ॲप पुन्हा उतरवून पाहावे.

३. तरीही जमले नाही तर त्याच ठिकाणचे 'स्टोरेज साफ करा' किंवा 'डेटा साफ करा' दाबावे. प्ले स्टोअरच्या बाबतीत याने बसवलेली ॲप्स जात नाहीत आणि गूगल खातेही जात नाही. फक्त प्ले स्टोअरमधल्या आपल्या निवडी मूळ स्थितीला येतात.

४. यानंतर 'गूगल प्ले सेवा' या ॲपची कॅशे त्याच पद्धतीने साफ करावी.

५. प्ले स्टोअरच्या याच पानावर वर उजवीकडे तीन ठिपके असतात; त्यांतून 'अपडेट अनइंस्टॉल करा' निवडल्यास प्ले स्टोअर फोनसोबत आलेल्या मूळ आवृत्तीवर जाते आणि थोड्या वेळाने स्वतःच नवे होते.

पहिल्या पायरीत नाव वाचून खात्री करण्यास सांगितले, त्यामागे कारण आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी यादीत चुकून व्हॉट्सॲप उघडले आणि त्याचा डेटा साफ केला. बॅकअप नसल्यामुळे दोन वर्षांच्या गप्पा गेल्या. त्यांत मुलीच्या सोयरिकीची बोलणीही होती. प्ले स्टोअरला जे औषध, ते प्रत्येक ॲपला लागू करू नये.

खाते कोणाचे आणि पासवर्ड कोणाकडे

आपल्या भागातल्या तालुक्याच्या बाजारपेठेत फोन घेतला, की दुकानातला मुलगा तो तेथल्या तेथे सुरू करून देतो. सुरू करताना गूगल खाते लागते, ते ग्राहकाकडे नसते, म्हणून तो एक खाते घाईत उघडतो, नाहीतर आपलेच एखादे खाते त्यात टाकतो. पासवर्ड कोणी लिहून घेत नाही. फोन वर्ष-दोन वर्षे सुरळीत चालतो आणि मग एके दिवशी प्ले स्टोअर 'साइन इन करा' किंवा 'तुमचे खाते पडताळा' असे म्हणू लागते. अशा वेळी फोनमध्ये कोणतेही ॲप उतरत नाही आणि त्याला जागा किंवा इंटरनेट यांपैकी काहीही जबाबदार नसते.

खाते आपले आहे पण पासवर्ड आठवत नाही, अशी स्थिती असेल तर साइन इनच्या पडद्यावरील 'पासवर्ड विसरलात?' यावरून पुढे जावे. खात्याशी आपला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर त्यावर ओटीपी येतो आणि नवा पासवर्ड ठेवता येतो. जुना क्रमांक बंद पडला असेल तर काम अवघड होते, पण ज्या फोनवर ते खाते पूर्वीपासून चालू आहे त्याच फोनवरून आणि नेहमीच्याच जागेवरून प्रयत्न केल्यास ओळख पटण्याची शक्यता वाढते. खाते दुकानदाराचे किंवा अनोळखी असेल, तर स्वतःचे नवे खाते उघडून ते फोनमध्ये जोडावे आणि प्ले स्टोअरच्या वर्तुळातून ते निवडावे. जुने खाते मात्र लगेच काढू नये. त्या खात्यात जतन झालेले दूरध्वनी क्रमांक खाते काढताच फोनवरून दिसेनासे होतात. आधी ते क्रमांक सिमवर, फोनमध्ये किंवा नव्या खात्यात उतरवून घ्यावेत, नवे खाते चार-आठ दिवस नीट चालते आहे हे पाहावे, आणि मग जुने खाते काढावे.

आता रिसेटची गोष्ट. अँड्रॉइड ५.१ पासून फोनमध्ये चोरीविरुद्ध एक संरक्षण आले आहे : बाहेरून, म्हणजे बटणे दाबून, फोन रिसेट केल्यास तो सुरू होताना आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा आधीचे स्क्रीन लॉक मागतो. चोराला अडवण्यासाठी केलेली ही व्यवस्था पासवर्ड माहीत नसलेल्या मालकालाही तितक्याच काटेकोरपणे अडवते. मग बिल घेऊन सेवा केंद्राच्या चकरा सुरू होतात. पासवर्ड कागदावर लिहून, ज्या पिशवीत सातबारा आणि बँकेचे पासबुक ठेवतो तिच्यात ठेवावा. कागदावर पासवर्ड लिहू नये असे शहरातले तज्ज्ञ म्हणतात. ज्याला तो लक्षात राहत नाही त्याने काय करावे, ते मात्र सांगत नाहीत. घरातल्या कुलपात ठेवलेला कागद मला पुरेसा सुरक्षित वाटतो.

ॲप सापडतच नाही, किंवा 'तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' असे येते

हा संदेश आला तर कॅशे साफ करून काही होत नाही. ॲप बनवणाऱ्याने ज्या किमान अँड्रॉइड आवृत्तीची अट घातली आहे, तिच्यापेक्षा आपला फोन जुना असतो, किंवा त्याला आवश्यक असलेला एखादा भाग फोनमध्ये नसतो. 'सेटिंग्ज'मधील 'फोनविषयी' या ओळीत अँड्रॉइडची आवृत्ती दिसते आणि 'सिस्टम अपडेट'मध्ये नवी आवृत्ती मिळते का, ते पाहता येते. फोनच्या कंपनीने अपडेट देणे थांबवले असेल, तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून काम करावे, किंवा ते काम त्या सेवेच्या संकेतस्थळावर ब्राउझरमधून होते का ते शोधावे. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ साठी गूगलने प्ले सेवांची नवी अपडेट ऑगस्ट २०२३ पासून थांबवली. इतक्या जुन्या फोनवर नव्या ॲपची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

ॲप सापडत नसेल तेव्हा नाव नेमके लिहिले आहे का, हेही पाहावे. शोध घेतल्यावर वरच्या बाजूला जाहिरातीचे ॲप येते आणि सरकारी ॲपसारखे नाव व चिन्ह असलेली खासगी ॲप्सही त्यात मिसळलेली असतात. उदाहरणार्थ, वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. तेव्हा नावाखाली विकसक, म्हणजे ॲप बनवणारा, म्हणून कोण लिहिले आहे, हे वाचूनच 'इंस्टॉल' दाबावे. तलाठी कार्यालयातून किंवा संबंधित सरकारी खात्याच्या संकेतस्थळावरून मिळालेल्या दुव्याने प्ले स्टोअर उघडले, तर चुकीचे ॲप उतरण्याची शक्यता कमी राहते.

व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाइल

प्ले स्टोअर अडले की कोणीतरी म्हणते, "थांबा, मी फाइलच पाठवतो." ही फाइल एपीके प्रकारची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची, असते आणि येथे माझा सल्ला ठाम आहे : ती घेऊ नये. पाठवणारा आपल्या विश्वासातला असला, तरी त्याला ती कोठून मिळाली हे त्यालाही ठाऊक नसते. वाहतुकीच्या दंडाचे चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेचे केवायसी, इतकेच काय लग्नाची पत्रिका, अशा नावांनी या फाइली फिरतात. फाइल बसवली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. ओळखीच्याच क्रमांकावरून फाइल आली हा पुरावा धरू नये, कारण ज्याचा फोन आधी फसला त्याच्याच व्हॉट्सॲपवरून ती पुढे जाते.

मागच्या हंगामातली ई-पीक पाहणीची जुनी फाइल जपून ठेवणारेही भेटतात. नवी आवृत्ती आली की जुनी चालेनाशी होते, म्हणून त्या जपणुकीचा उपयोग नाही. जुने ॲप काढून नवे घेण्यापूर्वी मात्र, शेतात नेटवर्क नसताना जतन केलेली एखादी नोंद पाठवायची राहिली आहे का, ते पाहावे. ॲप काढल्यावर न पाठवलेली नोंद जाते.

फाइल बसवून बसला असाल तर लगेच इंटरनेट बंद करावे, ते ॲप काढून टाकावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी तक्रार नोंदवावी. ॲपचे चिन्ह पडद्यावर दिसत नसेल, तर 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स'ची संपूर्ण यादी पाहावी. त्याच सेटिंग्जमध्ये 'अज्ञात ॲप्स इंस्टॉल करणे' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोन्हींसाठी बंद करून ठेवावी.

आयफोन असेल तर

आयफोनमध्ये ॲप स्टोअरमधून उतरणारे ॲप अडखळले असेल, तर त्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरावे. डाउनलोड पुन्हा सुरू करण्याचा किंवा त्याला प्राधान्य देण्याचा पर्याय येतो. सेटिंग्जमध्ये ॲप स्टोअरच्या भागात मोबाइल डेटावर २०० एमबीहून मोठे ॲप उतरवण्यापूर्वी विचारण्याची अट असते, ती तेथेच बदलता येते. मोफत ॲप घेतानाही पैसे भरण्याच्या साधनाची पडताळणी मागितली गेली, तर आधीची एखादी रक्कम थकली आहे का, हे खात्यात पाहावे. मुलाच्या फोनवर 'स्क्रीन टाइम'मधून ॲप घेण्यास मनाई केलेली असू शकते.

उन्हाळ्याचे दिवस

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश आहे. इतर फोनही याहून फार सोशिक नसतात. बांधावर उन्हात, त्यातही चार्जर लावून आणि जाड कव्हर घालून डाउनलोड सुरू केले, तर फोन तापून आपला वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो आणि कधी बंदही पडतो. कव्हर काढून फोन सावलीत गार होऊ द्यावा आणि मग प्रयत्न करावा. लवकर गार व्हावा म्हणून तो माठावर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये. आत दव धरून फोन बिघडू शकतो.

ॲप उतरल्यानंतर आपण जे जे बदलले ते पूर्ववत करणे, ही शेवटची पायरी आहे आणि तीच बहुतेक जण विसरतात. बंद केलेला डेटा सेव्हर पुन्हा चालू करावा, सीमेवरून घरी परतल्यावर डेटा रोमिंग बंद करावे, रद्द केलेली अपडेट वाय-फाय मिळेल तेव्हा सुरू करावीत, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स आपोआप अद्ययावत होण्यासाठी 'कोणत्याही नेटवर्कवर' हा पर्याय निवडला असेल तर तो बदलून ठेवावा. नाहीतर रात्रीतून दहा ॲप्स स्वतःच अद्ययावत होतात आणि सकाळी चहाच्या वेळेलाच दिवसाचा डेटा संपल्याचा निरोप येतो.